गाणं ‘महागडं’ कशामुळे वाटतं? श्रीमंती थाटाच्या रेकॉर्डिंगबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

काही रेकॉर्डिंग पहिल्या दहा सेकंदांत सांगून टाकतात, की इथे कुणी हात आखडता घेतलेला नाही. गाणं चांगलं असणं आणि गाणं महागडं वाटणं या दोन निराळ्या गोष्टी. इथले प्रश्न दुसऱ्या गोष्टीचे आहेत. उदाहरणं अमेरिका-इंग्लंडची जास्त येतील, कारण स्टुडिओत पैसा ओतण्याची हद्द तिथेच झाली. पण मुंबई, मद्रास आणि गोवा या गोष्टीत पाहुणे नाहीत.

महागडं वाटतं म्हणजे भरपूर वाद्यं असतात, एवढंच ना?

नाही. लग्नाच्या बँडमध्येही वीस-पंचवीस वादक असतात.

सगळी वाद्यं एकाच पट्ट्यात, एकाच वेळी, एकाच जोरात वाजली तर ऐकू येतो तो गलका. श्रीमंत वाटणाऱ्या रेकॉर्डिंगमध्ये प्रत्येकाला बसायला जागा असते. बास खाली मोकळा, त्याच्या वर कीबोर्ड, गायकाच्या आवाजाच्या आसपास शक्यतो दुसरं कुणी नाही, आणि झांजेची किणकिण असूनही कानाला न टोचणारी.

दुसरी खूण बारीक आहे. दुसऱ्या अंतऱ्यात पहिल्या अंतऱ्याची नक्कल नसते. एखादी बासरी दोनच सुरांपुरती येते आणि गाणं संपेपर्यंत पुन्हा फिरकत नाही. त्या दोन सुरांसाठी कुणी तरी नोटेशन लिहिलं, वादक बोलावला, माइक लावला, पैसे चुकते केले. ऐकणाऱ्याला हा हिशेब माहीत नसतो, पण ऐट कळते.

तिसरी खूण म्हणजे वाद्यांच्या मागची शांतता. टेपची खसखस नाही, खोलीची गुणगुण नाही, सूर संपला की तो नीट विरेपर्यंत कुणी मध्ये बोलत नाही. स्वस्त रेकॉर्डिंगला रिकाम्या जागेची भीती वाटते आणि ते ती भरून टाकतं.

एखादं उदाहरण द्या, ज्यावर साउंडवाल्या मंडळींचं सहसा एकमत होतं.

स्टीली डॅन या अमेरिकन जोडगोळीचा १९७७ चा अल्बम ‘एजा’. स्पीकर तपासायला, नव्या हॉलची यंत्रणा लावून बघायला आजही लोक हाच लावतात. डोनाल्ड फेगन आणि वॉल्टर बेकर या दोघांनी १९७४ नंतर दौरे करणं सोडलं आणि सगळा जीव स्टुडिओत घातला. निर्माता गॅरी कॅट्झ, मुख्य इंजिनिअर रॉजर निकोल्स. गाणी फक्त सात, लांबी जेमतेम चाळीस मिनिटं. वादक मात्र तीसहून अधिक, आणि तेही लॉस एंजेलिस-न्यूयॉर्कमधले त्या वेळचे सगळ्यांत मागणी असलेले. अभिजात संगीत सोडून इतर विभागातलं उत्कृष्ट ध्वनिमुद्रणाचं ग्रॅमी त्याला मिळालं.

त्यातलं ‘पेग’ हे गाणं घ्या. मधल्या गिटार सोलोसाठी एकापाठोपाठ एक सहा-सात नावाजलेले गिटारवादक येऊन वाजवून गेले. प्रत्येकाला पैसे मिळाले आणि प्रत्येकाचं वाजवणं बाजूला ठेवलं गेलं. शेवटी जे ग्रेडन या गिटारवादकाने वाजवलेला सोलो राहिला. तो हवाईयन वाटावा असा घसरत, किंचित तिरका येतो. बाकीच्यांनी वाईट वाजवलं नव्हतं. नंतरच्या एका माहितीपटात फेगन आणि बेकर मिक्सिंग डेस्कवर बसून ते नाकारलेले सोलो ऐकवतात, तेव्हा कळतं की दुसऱ्या कुणी त्यातला कोणताही आनंदाने ठेवला असता. फक्त ते ‘या’ गाण्याचे नव्हते.

त्याच गाण्यातला बास चक रेनीचा. अंगठ्याने तार ठोकून वाजवायची स्लॅपची पद्धत त्या दोघांना नको होती. रेनीला मात्र कडव्यानंतरच्या भागात तीच हवी होती. त्याने स्वतः सांगितलेली गोष्ट अशी, की तो कंट्रोल रूमच्या काचेकडे पाठ करून बसला आणि हवं तेच वाजवलं. आतल्यांना आवाज आवडला! आणि मागे जे दाट स्वर ऐकू येतात तो एकटा गायक मायकेल मॅकडोनाल्ड आहे, स्वतःवर स्वतःचा आवाज चढवत गेलेला. त्यातले सूर एकमेकांच्या इतके जवळ आहेत की सलग गाताना शेजारच्या सुरावर घसरायला होतं. म्हणून एकेक ओळ वेगळी घ्यावी लागली.

शीर्षकगीतात स्टीव्ह गॅडचे ड्रम आणि वेन शॉर्टरचा सॅक्सोफोन आहे. तिथे उलट झालं. गॅड लिहिलेलं वाचत बसला आणि अगदी थोड्या टेकमध्ये, म्हणजे वाजवण्याच्या खेपांमध्ये, मोकळा झाला. म्हणजे घासून घासूनच सगळं होतं असंही नाही. योग्य माणूस ओळखून बोलावणं हाही खर्चच, फक्त तो बिलावर दिसत नाही.

इतकं घोटवल्यावर गाणं मरत नाही का?

मरतं. कधीकधी.

त्याच जोडीचा पुढचा अल्बम ‘गाउचो’, १९८० चा. चाळीसहून अधिक वादक, वर्षाहून जास्त काळ, आणि ड्रम अगदी तालात बसावेत म्हणून रॉजर निकोल्सने खास बांधलेलं ‘वेंडेल’ नावाचं यंत्र. माणसाने वाजवलेल्या ठोक्यांचे नमुने घेऊन ते हव्या त्या क्षणी वाजवायचं. त्याच्या खर्चाचा दीड लाख डॉलर हा आकडा सांगितला जातो. याच काळात, जवळजवळ पूर्ण झालेल्या एका गाण्याची टेप एका सहायकाच्या हातून चुकून पुसली गेली. पुन्हा वाजवून बघितलं, पण ते बसेना. शेवटी गाणं सोडून दिलं.

‘गाउचो’लाही ध्वनिमुद्रणाचं ग्रॅमी मिळालं. मला तो ‘एजा’पेक्षा थंड वाटतो. काचेच्या कपाटातल्या वस्तूला हात लावावासा वाटतो पण लावता येत नाही, तसं काहीसं. मित्रमंडळीत यावर भांडणं होतात आणि ती मिटत नाहीत.

मग पैसा नक्की जातो कुठे? वादकांच्या मानधनात?

काही तिथे, पण मोठा घास वेळेचा. सत्तरच्या दशकात स्टुडिओ तासावर मिळायचा आणि दोन इंची, चोवीस ट्रॅकची (चोवीस आवाज वेगवेगळे ठेवणारी) टेप लागायची. अडीच हजार फुटांचं रीळ उच्च वेगाने फिरवलं की साधारण सोळा मिनिटांत संपतं. म्हणजे चार गाण्यांचे चार-चार टेक राखून ठेवायचे तर कपाट भरतं. इंग्लंड-अमेरिकेत वाद्यवृंद तीन तासांच्या सेशनवर येतो. तीन तास उलटले की ओव्हरटाइम सुरू. म्हणून तिथे कुणी स्टुडिओत बसून ‘बघू या काय सुचतं’ म्हणत नाही. लिहून, नकलून, तपासून आणलेलं नोटेशन समोर ठेवायचं आणि वादकांनी पहिल्याच वाचनात वाजवायचं.

पण खरी उधळपट्टी वेगळ्याच जागी असते. पैसा असला की झालेलं काम टाकून देता येतं. मायकेल जॅक्सनच्या १९८२ च्या ‘थ्रिलर’मधल्या ‘बिली जीन’चं उदाहरण प्रसिद्ध आहे. इंजिनिअर ब्रूस स्वीडन याने त्याची ९१ मिक्स केली, म्हणजे वेगवेगळे ट्रॅक ९१ तऱ्हांनी एकत्र जुळवले, आणि शेवटी निर्माता क्विन्सी जोन्सच्या सांगण्यावरून दुसऱ्या क्रमांकाचं मिक्स परत ऐकलं. तेच अल्बमवर गेलं. म्हणजे नंतरची ८९ मिक्स वाया? मला तसं वाटत नाही. दुसरंच बरोबर आहे हे छातीठोकपणे सांगायला ती करून बघावी लागली. लहान बजेटमध्ये दुसरंच मिक्स गेलं असतं, पण ‘जाऊ दे, वेळ नाही’ म्हणून, आणि तशाच ‘जाऊ दे’ने गाण्यातल्या इतर शंभर गोष्टीही गेल्या असत्या.

आपल्याकडे असं काही होतं का?

होतं, पण गणित उलटं होतं. मुंबईच्या चित्रपटसंगीतात पन्नास-साठच्या दशकात मल्टिट्रॅक, म्हणजे वाद्यं वेगवेगळी घेऊन नंतर जोडायची सोय, नव्हतंच. ताडदेवच्या फेमससारख्या स्टुडिओत सगळा वाद्यवृंद एकत्र बसायचा, गायक किंवा गायिका बाजूच्या केबिनमध्ये किंवा पडद्याआड, आणि गाणं सुरुवातीपासून शेवटपर्यंत एका दमात. शेवटच्या ओळीत ढोलकीचा एक ठोका चुकला तर साठ माणसं पुन्हा मुखड्यावर.

म्हणजे अमेरिकेत पैसा टेक साठवण्यात आणि निवडण्यात जात होता, तर मुंबईत तो रेकॉर्डिंगच्या आधी, रिहर्सलमध्ये आणि माणसांच्या संख्येत. शंकर-जयकिशनची व्हायोलिनं ऐका. ‘आवारा’च्या (१९५१) स्वप्नगीतात ती समुद्राच्या भरतीसारखी चढत जातात. संख्या होतीच, पण त्या संख्येला लिहून दिलेल्या ओळी होत्या. व्हायोलिनचे दोन-तीन गट, प्रत्येक गटाला निराळं काम, गायिका श्वास घेते त्या फटीत एक भरीव तुकडा.

थाटाच्या बाबतीत ‘मुघल-ए-आझम’ला (१९६०) तोड नाही. नौशाद यांनी मोहम्मद रफींच्या ‘ए मोहब्बत जिंदाबाद’मागे शंभर जणांचा कोरस उभा केला. उस्ताद बडे गुलाम अली खाँ चित्रपटासाठी गायला तयार नव्हते. टाळण्यासाठी त्यांनी एका गाण्याचे पंचवीस हजार मागितले आणि दिग्दर्शक के. आसिफ यांनी ते कबूल केले, असं सांगतात. त्या काळी आघाडीच्या पार्श्वगायकांना एका गाण्याचे पाचशेही मिळत नसत. आता गंमत बघा. तो आवाज मागे, तानसेनाच्या तोंडी, महालाबाहेरून आल्यासारखा वापरला आहे. एवढी महाग वस्तू पुढे मांडून मिरवली नाही. श्रीमंती अशी असते.

या विषयात गोव्याच्या वादकांचं नाव सतत का निघतं?

कारण लिहून वाजवायची कला तिथून आली. पोर्तुगीज काळात गोव्यातल्या चर्चच्या शाळांत मुलांना स्टाफ नोटेशन (पाच रेघांवरची पाश्चात्त्य स्वरलिपी) आणि व्हायोलिन शिकवत. ती मुलं पुढे मुंबईच्या हॉटेलांतल्या जॅझ बँडमध्ये आणि तिथून चित्रपटांत आली. संगीतकार पेटीवर चाल बांधायचा, ती चाल चाळीस वादकांच्या कागदावर उतरवायचं आणि तिच्याभोवती पाश्चात्त्य हार्मनी उभी करायचं काम अरेंजरचं. शंकर-जयकिशन आणि ओ. पी. नय्यर यांच्याकडे ते सेबॅस्टियन डिसूझा करत. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस यांनी १९५८ मध्ये स्वतःचा सिंफनी ऑर्केस्ट्रा उभा केला आणि भारतीय रागांवर बेतलेल्या रचना त्यातून वाजवून घेतल्या. त्यांचे व्हायोलिनचे शिष्य प्यारेलाल यांनी पुढे ‘अमर अकबर अँथनी’तल्या गाण्यातून गुरूचं नाव देशभर नेलं. गाणं सगळ्यांना माहीत, गुरू कुणालाच नाही.

पडद्यावर या मंडळींची नावं क्वचितच यायची. ती श्रीमंती ज्यांच्या वहीतून आली, त्यांच्या वाट्याला श्रेय फारसं आलं नाही.

जुनी गाणी मोनो आहेत, डावं-उजवं वेगळं नाही, तरी भव्य का वाटतात?

खोलीमुळे. चाळीस वादक एका हॉलमध्ये वाजवतात तेव्हा व्हायोलिनचा आवाज तबल्याच्या माइकमध्येही थोडा शिरतो, तबला व्हायोलिनच्या माइकमध्ये. आजचा इंजिनिअर याला गळती म्हणून शिव्या देईल, पण त्यानेच सगळे एका छताखाली आहेत असं वाटतं. लॉस एंजेलिसच्या गोल्ड स्टार स्टुडिओत निर्माता फिल स्पेक्टरने साठच्या दशकात नेमकं हेच मुद्दाम केलं. लहानशा खोलीत तीन-तीन पियानो, गिटारांची रांग, आणि तो सगळा लगदा सिमेंटच्या इको चेंबरमधून फिरवून पुन्हा टेपवर. तेही मोनोच.

इको चेंबर म्हणजे खरोखरची खोली?

हो. एका कोपऱ्यात स्पीकर, दुसऱ्यात माइक, भिंती गुळगुळीत. हॉलिवूडमधल्या कॅपिटॉल स्टुडिओची अशी चेंबर जमिनीखाली आहेत. ज्यांना एवढी जागा परवडत नव्हती त्यांच्यासाठी १९५७ मध्ये जर्मनीतून ईएमटी १४० आलं: लाकडी पेटीत टांगलेला पोलादाचा मोठा पत्रा, जो आवाजाने थरथरतो. वजन अडीचशे किलोंहून जास्त. आज तोच पत्रा लॅपटॉपमधल्या प्लगइनमध्ये (रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरला जोडायच्या छोट्या प्रोग्रॅममध्ये) मिळतो आणि सत्तरच्या दशकातल्या गाण्यांवरची ती रेशमी चमक बरीचशी त्याचीच आहे.

‘सैराट’ची गाणी हॉलिवूडला रेकॉर्ड केली, त्याने खरंच फरक पडला का? की नुसती जाहिरात?

जाहिरातही झाली, फरकही पडला. अजय-अतुल यांनी २०१६ च्या या चित्रपटासाठी सिंफनीचा भाग लॉस एंजेलिसच्या सोनी स्कोरिंग स्टेजवर, म्हणजे चित्रपटसंगीत रेकॉर्ड करायच्या हॉलमध्ये, वाजवून घेतला. साठाहून जास्त वादक, त्यात तंतुवाद्यं सर्वाधिक, शिवाय लाकडी आणि पितळी फुंकवाद्यं आणि हार्प. हा स्टेज पूर्वी एमजीएमचा होता आणि ‘विझार्ड ऑफ ऑझ’चं संगीतही तिथेच रेकॉर्ड झालं.

‘याड लागलं’मध्ये व्हायोलिनं उसळतात तेव्हा दोन गोष्टी ऐका. एक, त्या सुरांच्या मागे उंच छताची हवा आहे, जी नंतर चिकटवलेली वाटत नाही. दोन, जोर वाढतो तेव्हा नुसता आवाज वाढत नाही, धनुष्याचा पोतही बदलतो, खरखर येते, कडा येतात. चाळीस माणसं एकदम जोर लावतात तेव्हा प्रत्येकाचा जोर एका क्षणी लागत नाही, आणि त्या बारीकशा विस्कळीतपणातून तो विस्तार तयार होतो.

आणि त्या सगळ्याच्या पुढे गायकाची मराठी करमाळ्याच्या मातीतली, चाल आपल्या ओळखीची. महागडा पोशाख चालीवर चढवला, चाल बदलली नाही. माझ्या मते ‘सैराट’ जमलं ते यामुळे. नुसता ऑर्केस्ट्रा आणून काम होत असतं तर अशी दहा गाणी आपल्याला आठवली असती.

बुडापेस्ट, प्राग, स्कोप्ये ही नावं श्रेयनामावलीत का दिसतात?

तिथे चांगले, वाचून वाजवणारे वाद्यवृंद लंडन किंवा लॉस एंजेलिसपेक्षा बरेच कमी दरात मिळतात. संगीतकार मुंबईत किंवा चेन्नईत बसून इंटरनेटवरून सेशन ऐकतो, सूचना देतो, संध्याकाळी फाइल येते. इळैयराजांनी २००० च्या ‘हे राम’साठी बुडापेस्टचे वादक घेतले, तेव्हा स्वतः जावं लागायचं. इकडे नव्वदच्या दशकात सिंथेसायझरने मुंबईची मोठी व्हायोलिन सेक्शन बसवली, म्हणजे अक्षरशः घरी बसवली. नव्या पिढीत तेवढे वादक तयारच झाले नाहीत, हेही बाहेर जाण्याचं कारण आहे.

पैसे नसताना असा आवाज काढलेला कुणी आहे का?

आहेत, आणि मला याच गोष्टी जास्त आवडतात.

१९७५ चं टेन सीसी या इंग्लिश बँडचं ‘आय अॅम नॉट इन लव्ह’. मागे जो स्वरांचा ढग तरंगतो तो एखाद्या मोठ्या चर्चमधल्या गायकवृंदाचा वाटतो. प्रत्यक्षात मँचेस्टरजवळच्या स्टॉकपोर्टमधल्या स्ट्रॉबेरी स्टुडिओत बँडच्या तिघांनी एकेक सूर सोळा-सोळा वेळा गायला. एका सुराचे ४८ आवाज झाले. सप्तकातले असे तेरा सूर घेतले, म्हणजे ६२४ आवाज. प्रत्येक सुराचं टेपचं गोल वेटोळं करून ते फिरत ठेवलं, मिक्सिंग डेस्कच्या एकेका पट्टीवर एकेक सूर आणला, आणि हव्या त्या वेळी हवी ती पट्टी वर सरकवून डेस्कच पेटीसारखा वाजवला. मधली कुजबुज स्टुडिओतल्या रिसेप्शनिस्टची. खर्च फक्त वेळेचा, आणि स्टुडिओ त्यांचाच होता.

‘रोजा’ (१९९२) ए. आर. रहमान यांनी चेन्नईच्या कोडंबाक्कममध्ये घराच्या आवारातल्या स्वतःच्या छोट्या स्टुडिओत केला. त्यांना मानधन पंचवीस हजार मिळालं असं सांगितलं जातं, म्हणजे बडे गुलाम अलींनी तीसहून अधिक वर्षांपूर्वी एका गाण्याला मागितलेली रक्कम. आवाज मात्र तोवर भारतात ऐकलेल्या कुठल्याही चित्रपटसंगीतापेक्षा स्वच्छ. बास खरोखर खाली होता, आणि गाण्यात मोकळ्या जागा होत्या. पहिल्याच चित्रपटाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

अमेरिकन गायिका बिली आयलिशच्या २०१९ च्या अल्बमचं नावही घेतलं जातं: भावाच्या बेडरूममध्ये केला आणि ती ग्रॅमीचे चारही मोठे पुरस्कार घेऊन गेली. खरं आहे. पण मिक्सिंग आणि मास्टरिंग (गाण्यावरचा शेवटचा हात) अनुभवी व्यावसायिकांनी केलं, हे सांगताना लोक विसरतात.

आणि भरपूर खर्च करून फसलेले?

गन्स अँड रोझेस या अमेरिकन रॉक बँडचा ‘चायनीज डेमॉक्रसी’. नव्वदच्या दशकात सुरू झाला आणि २००८ मध्ये बाहेर आला. खर्च १.३ कोटी डॉलरच्या घरात गेल्याचं छापून आलं होतं. ऐकताना थरावर थर, गिटारावर गिटार, आणि कशालाच नकार दिलेला नाही असं वाटत राहतं.

घरच्या स्टुडिओत काय करता येईल?

आधी ट्रॅक म्यूट करा. एकेक बंद करून बघा आणि ज्याच्या जाण्याने कुणाचं काही अडत नाही तो परत चालू करू नका. बहुतेक घरगुती मिक्स इथेच अर्धं सुधारतं, आणि हे फुकट आहे.

सॅम्पलची, म्हणजे आधी रेकॉर्ड केलेल्या सुरांची, व्हायोलिनं वापरत असाल तर कीबोर्डवर चार बोटांनी कॉर्ड दाबून ती वाजवू नका. खरे वादक कॉर्ड वाजवत नाहीत, ओळी वाजवतात. पहिली व्हायोलिन, दुसरी, व्हायोला, चेलो अशा चार ओळी वेगवेगळ्या वाजवा, प्रत्येकीला स्वतःचा चढउतार द्या. जमलं तर सगळ्यांत वरच्या ओळीवर एक खरा व्हायोलिनवादक घ्या. कान त्या एका खऱ्या धनुष्याच्या मागे जातो आणि उरलेल्या खोट्यांना माफ करतो. तोच वादक चार वेळा घेणार असाल तर दर खेपेला त्याची खुर्ची आणि माइकचं अंतर बदला. शक्य असेल तर वाद्यही बदला. नाहीतर चार जण न वाटता एकच माणूस नळीतून वाजवतोय असं वाटेल.

रिव्हर्बला (खोलीच्या घुमण्याला) वीस-तीस मिलिसेकंदांचा उशीर द्या, म्हणजे गायकाचा शब्द आधी स्पष्ट येतो आणि मग खोली. रिव्हर्बच्या आवाजातला खालचा बास कापून टाका. गायकाच्या मागे जाड गोधडी टांगा. पंखा बंद, फ्रीजही बंद. शेजारच्या कुकरच्या शिट्टीवर अजून प्लगइन निघालेलं नाही.

आमच्या कोरसमध्ये सगळे सुरात असूनही गबाळं वाटतं. का?

बहुतेक वेळा दोष सुरात नसतो, व्यंजनांत असतो. आठ जण ‘पाऊस’ म्हणतात तेव्हा आठ ‘स’ आठ क्षणी येतात आणि स्पीकरमधून सापाने फूत्कार टाकावा तसं होतं. ‘आकाश’, ‘प्रकाश’चा ‘श’ तर आणखी वाईट. उपाय जुना आहे: शेवटचा ‘स’ एकाच गायकाने म्हणायचा, बाकीच्यांनी स्वर धरून ओठ तसेच ठेवायचे. ऐकणाऱ्याला सगळ्यांनीच म्हटल्यासारखं वाटतं. ‘त’ आणि ‘ट’वर संपणाऱ्या शब्दांनाही हेच. शिवाय ओळ संपवायची कुठे, मात्रा मोजून ठरवा. ‘साधारण इथे’ चालणार नाही. महागडे कोरस याच बारकाव्यांनी महागडे वाटतात, आणि रिहर्सलचा वेळ यातच जातो.

शास्त्रीय गायनाच्या रेकॉर्डिंगला हा थाट लागतो का?

अजिबात नाही. चांगला माइक, शांत खोली, नीट जुळलेले दोन तानपुरे. तानपुरा जुळवायला अर्धा तास दिला तर तोच ऑर्केस्ट्रा.

मोबाइलवर, यूट्यूबवर ऐकून यातलं काही कळेल का?

मांडणी कळेल, पोत कमी कळेल. दोन रेकॉर्डिंगची तुलना करताना आधी दोन्हींचा आवाज सारखा करा. जास्त मोठ्याने वाजणारं गाणं कानाला नेहमी चांगलं वाटतं आणि या एका गोष्टीने भल्याभल्यांची फसवणूक होते. स्पॉटिफायसारख्या सेवा गाण्यांची पातळी उणे १४ एलयूएफएसच्या (ऐकू येणारा जोर मोजायचं एकक) आसपास आणतात, त्यामुळे तिथे तुलना थोडी रास्त होते. मग आवाज अगदी कमी करा, शेजारच्या खोलीत लावल्यासारखा. चांगली मांडणी तेव्हाही उभी राहते: बास कुठे चाललाय, गायक काय म्हणतोय, मध्ये कोण डोकावलं, सगळं कळतं. नुसत्या दणक्यावर चाललेलं गाणं या चाचणीत कोसळतं.

जुन्या गाण्यावर ‘रीमास्टर्ड’ (नव्याने मास्टरिंग केलेलं) लिहिलेलं असलं की ते चांगलंच असतं का?

नाही. अनेक रीमास्टर म्हणजे तेच गाणं, फक्त मोठ्याने. जुनी प्रत हाताशी असेल तर पातळी जुळवून दोन्ही ऐका आणि मग ठरवा.

सुरुवात कशापासून करू?

‘पेग’पासून, हेडफोन लावून. पहिल्यांदा फक्त बास ऐका, दुसऱ्यांदा फक्त मागचे आवाज, तिसऱ्यांदा गाणं. मग ‘आय अॅम नॉट इन लव्ह’. त्यानंतर ‘याड लागलं’ आणि लगोलग ‘ए मोहब्बत जिंदाबाद’, म्हणजे साठ वादक चोवीसपेक्षा जास्त ट्रॅकवर कसे मावतात आणि शंभर गायक एका ट्रॅकवर कसे मावतात हे एकापाठोपाठ कळेल. ‘गाउचो’ नंतर कधीतरी, आणि आवडला तर मला सांगू नका. आमचं भांडण व्हायचं.